बॅलन्सिंग करूनही इलेक्ट्रिक गाडीची थरथर जात नसेल, तर दोष कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की, आपली जोरकस इलेक्ट्रिक गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली की सीटमधून आणि तळातून थरथरते, ॲक्सिलरेटर सोडला तरी थरथर राहते, तीन वेळा बॅलन्सिंग (छोटी वजने लावून चाकाचा तोल साधणे) व दोन वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करूनही फरक पडलेला नाही आणि आता सेवा केंद्र मोटर बदलण्याचे सुचवत आहे. मोटरीला होकार देण्यापूर्वी ही थरथर सेकंदाला किती वेळा होते ते मोजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वास्कोच्या एका जहाजदुरुस्ती गोदीत मी बरीच वर्षे फिरत्या यंत्रांची कंपने मोजण्याचे काम केले. तिथे आम्ही आकडा हाती आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करत नव्हतो, आणि गाडीच्या बाबतीतही मी तोच नियम पाळतो.

पेट्रोलच्या गाडीत मिस्त्रीला एक सोपी परीक्षा करता येते. त्याच वेगात गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात, चाकाचे बदलत नाहीत. थरथर तशीच राहिली तर दोष चाकाकडचा, बदलली तर इंजिनाकडचा. आपल्यासारख्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर आणि चाक यांच्यामध्ये एकच कायमचा गिअर असल्यामुळे सर्व भागांचे फेरे वेगाबरोबर एकाच प्रमाणात वाढतात आणि ही परीक्षा निरुपयोगी ठरते. म्हणून कोणता भाग थरथरतो आहे हे अंदाजाने सांगणे इथे अधिक कठीण आहे, मोजून सांगणे मात्र तितकेच सोपे आहे.

हिशेब असा. २३५/४५ आर १८ या मापाच्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर भरतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर २५ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. चाक, टायर, रिम, हब (ज्यावर चाक बसवतात तो भाग) किंवा ब्रेकची डिस्क यांपैकी कशाचा तोल गेला असेल, तर थरथर सेकंदाला १२ वेळा जाणवेल. ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे मोटरीचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, आतल्या टोकाला तीन रोलरचा सांधा असतो. तो झिजला तर प्रत्येक फेऱ्याला तीन हिसके, म्हणजे सेकंदाला ३६. मोटर चाकाच्या साधारण नऊ पट वेगाने फिरते असे धरले, तर तिच्या असंतुलनाची कंपने सेकंदाला १०७ च्या आसपास येतील, आणि एवढ्या जलद कंपनाने सीट हलत नाही, ते पायाखाली गुणगुणल्यासारखे जाणवते. आपण वर्णन केलेली थरथर सीट हलवणारी आहे. एवढ्यावरून मोटर निर्दोष ठरते असे मी म्हणणार नाही, परंतु सेवा केंद्राने तिच्यावर बोट ठेवण्याआधी हा आकडा दाखवायला हवा होता.

मोजण्यासाठी फोन पुरेसा आहे. आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकाच्या नोंदीवरून कंपनांचा वर्णपट, म्हणजे सेकंदाला किती वेळा होणारे कंपन किती जोराचे आहे याचा आलेख, काढून दाखवते. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधावा (मऊ गादीवर ठेवल्यास नोंद बिघडते) आणि ॲप शेजारी बसलेल्या माणसाने पाहावे, चालवणाऱ्याने नव्हे. पुष्कळ फोन सेकंदाला १०० नोंदी घेतात, त्यामुळे ५० च्या वरचे कंपन त्यांना खरे दिसत नाही. चाक आणि सांधा यांच्यासाठी तेवढे चालते. चाचणी पणजीच्या अटल सेतूवर किंवा नव्या झुआरी पुलावर करू नये, कारण पुलाच्या जोडांचे ठोके नोंदीत मिसळतात. मोपा विमानतळाला जोडणाऱ्या रस्त्यासारखा सलग, गुळगुळीत पट्टा पहाटे रिकामा असताना निवडावा आणि वेगमर्यादेच्या आतच राहावे.

आता आपल्या प्रश्नातील एका वाक्याकडे वळतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. ॲक्सिलरेटर सोडला तरी थरथर राहते, म्हणजे भार काढल्यावरही राहते, असा अर्थ आपण घेतला आहे. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच मोटर उलट भार घेऊन बॅटरी भरू लागते. सांध्यांवरचा ताण नाहीसा होत नाही, त्याची दिशा तेवढी बदलते. खरा शून्य भार हवा असेल, तर पाय इतकाच दाबून ठेवावा की पडद्यावरची शक्तीची पट्टी मधल्या शून्यावर स्थिर राहील. त्या क्षणी थरथर ओसरली, तर ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा संशय धरावा. गाडीला हवेचे सस्पेन्शन असेल, तर उंची कमी करूनही पाहावे, कारण गाडी खाली बसली की सांध्याचा कोन कमी होतो आणि झिजलेला सांधा शांत होतो. शून्य भारावरही थरथर तेवढीच राहिली आणि आकडा १२ च्या जवळ आला, तर दोष चाकाचाच आहे, मग बॅलन्सिंग तीनदा झालेले असो वा तीसदा.

माझ्या गाडीत नेमके हेच घडले होते. म्हापशाच्या एका टायरवाल्याकडे मी बॅलन्सिंगच्या यंत्राशेजारी उभा राहिलो. चाक फिरले आणि यंत्राने आतल्या बाजूला ३५ ग्रॅम वजन मागितले. वजन न लावता तेच चाक पुन्हा फिरवण्याची मी विनंती केली, तर मागणी ५५ ग्रॅमची झाली आणि जागाही वीतभर सरकली. ‘मशीन बरें आसा,’ असे म्हणत त्याने दुसरे चाक चढवून दाखवले. त्याचा आकडा दोन्ही वेळा एकच आला. याचा अर्थ माझ्या चाकाच्या आत काहीतरी हलत होते. टायर रिमवरून उतरवल्यावर आत गोलाकार चिकटवलेला काळ्या फोमचा पट्टा दिसला, आणि त्याचा हातभर लांबीचा तुकडा सुटून जिभेसारखा लोंबत होता. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरच्या आत घुमणारा आवाज अशा गाड्यांत कानांवर येतो, तो दाबण्यासाठी हा फोम लावलेला असतो. पंक्चर काढताना तो त्या जागी खरवडावा लागतो, आणि माझ्या टायरमध्ये तो साध्या डिंकाने परत चिकटवला गेला होता. उन्हाळ्यात तापलेल्या टायरमध्ये तो डिंक टिकला नाही. तो तुकडा काढून टाकून उरलेली कड घट्ट आहे याची खात्री केली, चाक नव्याने बॅलन्स केले, आणि परतीच्या वाटेवर थरथर उरली नाही. पंक्चर बुजवण्यासाठी सोडलेले द्रव औषधही टायरच्या तळाशी साचून असाच घोळ घालते.

मी हे इतक्या विस्ताराने लिहितो आहे, कारण मे महिन्यात मागच्या उजव्या चाकाचे पंक्चर काढले आणि थरथर जूनमध्ये सुरू झाली, असे आपण जाता जाता लिहिले आहे. मागच्या चाकाची थरथर बहुधा सीटमधून आणि पुढच्याची स्टिअरिंगमधून जाणवते. माझा पहिला संशय त्या चाकावर आहे. ते दोनदा फिरवून पाहायला सांगावे. दोन्ही आकडे जुळले, तर रिमला डायल गेज (किंचितसा वाकही काट्याने दाखवणारे मापक) लावून ती वाकली आहे का ते पाहावे; आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांत कमी उंचीच्या टायरांच्या रिमा सहज वाकतात, आणि वाकलेली रिम बॅलन्सिंगने सरळ होत नाही. अलाइनमेंटच्या दोन खेपांचा मी विचारच करत नाही. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो, सीट थरथरत नाही.

चाक काढलेच आहे, तर हबची सपाटी हाताने चाचपून पाहावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने तिथे गंजाच्या खपल्या धरतात, त्यांच्यावर रिम बसवली की चाक किंचित तिरके फिरते, आणि यंत्रावर निर्दोष ठरलेले चाक गाडीवर पुन्हा थरथरते. तारेच्या ब्रशने ती जागा स्वच्छ करून नट आडव्यातिडव्या क्रमाने टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्यावेत.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असती, तर मी डिस्कविषयी अधिक लिहिले असते. मोटर स्वतः वेग कमी करत असल्याने या गाड्यांचे ब्रेक कमी घासले जातात, आणि आपल्या दमट हवेत डिस्कवर गंजाचे डाग बसून तिची जाडी असमान होते. आपली तक्रार तशी दिसत नाही.

९० च्या वेगातील ॲपची नोंद, शून्य भारावर काय झाले ते, आणि त्या चाकाचे दोन वेळचे आकडे, एवढे कागदावर लिहून सेवा केंद्रात द्यावे आणि त्यांच्या माणसाला शेजारी बसवून गाडी फिरवून आणावी. सेकंदाला ३६ हा आकडा निघाला, तर टायरमागे न लागता ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तपासण्याचा आग्रह धरावा. आपल्या टायरवर छापलेले माप मला कळवल्यास त्या मापाचा नेमका हिशेब मी इथेच करून देईन.