लोकप्रतिनिधीच्या मतदानावर उजव्या बाजूने टीका लिहायची असेल तर

विट्याच्या (जि. सांगली) एका गृहस्थाने विचारलंय : "मी काटकसर, मालमत्तेचा हक्क आणि संस्थांची स्वायत्तता मानणारा माणूस आहे. आमच्या आमदार-खासदारांनी सभागृहात काय मतं दिली ती काढून साप्ताहिकात टीका लिहायची आहे. अमेरिकेत खासदारांना गुण देतात तशी यादी कुठे मिळेल?"

तशी यादी मिळणार नाही. ती का मिळत नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर लेखाचा पायाच चुकेल. आणि लेख मात्र जरूर लिहा. आपल्याकडे उजव्या विचाराची माणसं भाषणांवर आणि पक्षांतरावर तावातावाने बोलतात, पण विधेयक कुठलं, कलम कुठलं आणि आपला माणूस त्या क्षणी काय करत होता, यावर बोट ठेवणारे फार थोडे.

अमेरिकी काँग्रेसमध्ये महत्त्वाच्या जवळपास प्रत्येक मताला नाव लागतं. त्यामुळे तिथली अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह युनियन १९७१ पासून सदस्यांना गुण देऊ शकली. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून तिथे कुणाची जागा जात नाही. आपल्याकडे बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात आणि कामकाजात 'प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला' अशा अर्थाची एक ओळ उरते. नाव कुणाचंच नाही. त्यात १९८५ ची ५२वी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची. व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे 'अमुक यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं' एवढंच लिहिलं तर समर्थक एका वाक्यात उडवून लावतील, की व्हिप होता. व्हिप असतानाही त्यांच्या हातात काय होतं आणि त्यांनी ते केलं का, हा आपला प्रश्न असला पाहिजे.

हातात बरंच काही असतं. विधेयकाच्या एखाद्या कलमाला दुरुस्ती सुचवता येते. विधेयक समितीकडे पाठवा, असा प्रस्ताव देता येतो. मागण्यांवर, म्हणजे सरकार खर्चासाठी सभागृहाकडे मागतं त्या रकमांवर, कपात सूचना देता येते. आवाजी मतदानाला आव्हान देऊन मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागता येतं. आणि काहीच जमलं नाही तरी आक्षेप भाषणात नोंदवून ठेवता येतो, त्यासाठी व्हिप आड येत नाही. या पाचांपैकी एकही केलं नसेल तर त्या सदस्याचं मौन ही टीकेची वस्तू आहे, आणि ती कामकाजातून सिद्ध करता येते.

खासदारांचं जरा सोपं आहे. घटनादुरुस्तीला कलम ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभाजन होतंच आणि 'होय', 'नाही', 'अलिप्त' अशी नावानिशी यादी लोकसभेच्या कामकाजात छापली जाते. आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाची १०३वी दुरुस्ती लोकसभेत ८ जानेवारी २०१९ ला ३२३ विरुद्ध ३ मतांनी झाली. विधेयक त्याच दिवशी मांडलं, त्याच दिवशी मंजूर, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. आरक्षण हवं की नको हा वेगळा वाद. राज्यघटना दोन दिवसांत, स्थायी समितीला न दाखवता बदलायची का, हा परंपरावादी माणसाचा मूळ प्रश्न आहे आणि तो त्या ३२३ जणांना विचारता येतो. त्यात आपल्याला आवडणारेही आहेत.

यादी वाचताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे टप्पा. विधेयक मांडायला परवानगी, विचारार्थ घेणं, कलमवार मतदान आणि अंतिम मंजुरी, ही चार वेगळी मतं आहेत. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांच्या घटनादुरुस्ती विधेयकावर जे २६९ विरुद्ध १९८ मतदान झालं ते फक्त मांडण्यापुरतं होतं, तिथे साधं बहुमत पुरतं. दोन तृतीयांश नाही म्हणून विधेयक पडलं, असं त्या दिवशी कित्येकांनी लिहिलं, ते चूक. दुसरी गोष्ट आकड्याची : फलकावर आधी दिसतो तो आकडा 'दुरुस्तीच्या अधीन' असतो, चिठ्ठ्यांवरची मतं नंतर मिळवली जातात. त्या दिवशीही फलकावरचा पहिला आकडा शेवटच्यापेक्षा बराच कमी होता. म्हणून वाहिनीवरचा आकडा घेऊ नका, छापील कामकाजातला घ्या. तिसरी चूक गैरहजेरीला विरोध समजण्याची. यादीत नाव नाही म्हणजे माणूस आजारी असेल, दौऱ्यावर असेल किंवा मुद्दाम उठून गेला असेल. कारण कळत नसेल तर 'मतदानात नाव आढळत नाही' एवढंच लिहा.

सातारा आणि सांगली शेजारी असूनही दोन्ही खासदारांची नोंद एका मापाने वाचता येत नाही. २०२४ ला साताऱ्यातून उदयनराजे भोसले भाजपच्या चिन्हावर निवडून आले, त्यांना पक्षाचा व्हिप लागू आहे. सांगलीतून विशाल पाटील अपक्ष निवडून आले, आणि अपक्षाला कुठल्याच पक्षाचा व्हिप लागू होत नाही. उलट अपक्षाने निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर दहाव्या अनुसूचीप्रमाणे तो अपात्र ठरतो. त्यामुळे सांगलीच्या खासदारांचं प्रत्येक 'होय' आणि प्रत्येक 'नाही' पूर्णपणे त्यांचं स्वतःचं आहे. तुमच्या भागासाठी लिहिताना हा धागा सोडू नका.

स्वतःच्या मताची जबाबदारी घेणं कसं दिसतं, याचं उदाहरण साताऱ्यात जन्मलेल्या, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं आहे. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. तो एक 'नाही' त्यांचा. राखीव मतदारसंघ दर वेळी फिरते ठेवले तर प्रतिनिधीला मतदारसंघ जपण्याचं कारणच उरत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. हे पटो न पटो, त्या मताशी वाद घालता येतो, कारण माणूस, मत आणि कारण तिन्ही एका जागी सापडतात. आपल्या प्रतिनिधीकडून निदान एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

आता आमदार. इथे नावनिशी मतं फार कमी. ४ जुलै २०२२ चा विश्वासदर्शक ठराव शिरगणतीने झाला, १६४ विरुद्ध ९९. पण १२ नोव्हेंबर २०१४ चा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने झाला आणि विरोधक मतविभाजन मागत राहिले. सरकार कुणाचंही असो, विश्वासमत आवाजी घेणं परंपरावादी माणसाला मान्य होता कामा नये.

आमदारांवरची खरी टीका पैशाच्या मतांवर उभी राहते, आणि तिथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. कलम २०३ प्रमाणे विधानसभेला मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार आहे. वाढवण्याचा नाही. घटनेने आमदाराला दिलेलं हे काटकसरीचंच हत्यार आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात रकमेपुढे 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन शब्द येतात. दत्तमत म्हणजे मत घेऊन मंजूर होणारा खर्च. भारित खर्चावर, म्हणजे कर्जावरचं व्याज वगैरेवर, मतदानच होत नाही. एकदा कर्ज काढलं की व्याज आमदाराच्या हाताबाहेर जातं. म्हणूनच अडवायचं ते दत्तमत खर्चाच्या टप्प्यावर.

२०२४ चं उदाहरण घ्या. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. ९ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या पटलावर आल्या. त्यात लाडकी बहीण योजनेचे २५,००० कोटी होते. पुरवणी मागणी असते ती अर्थसंकल्पाच्या वेळी न सुचलेल्या, अचानक उद्भवलेल्या खर्चासाठी. २८ जूनच्या भाषणात जाहीर केलेली योजना ९ जुलैला 'अनपेक्षित' कशी? हा प्रश्न योजनेच्या बाजूने असलेल्या माणसानेही विचारायला हवा होता. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली गेली, म्हणजे तेवढा रोजचा खर्च कर्जातून. आणि विरोधकांनी २०२४ च्या निवडणुकीत दीड हजाराऐवजी तीन हजारांचं आश्वासन दिलं, तेव्हा तुमच्या लेखात त्यांना सूट देऊ नका.

वाचक म्हणेल, आम्हाला याचं काय? त्याला टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना दाखवा. कालव्याचं आणि पंपांचं काम भांडवली खर्चातून होतं. या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के वाटा सरकार उचलतं आणि १९ टक्के शेतकरी, तो सरकारी वाटा महसुली खर्च. महसुली बाजू फुगली की कात्री आधी भांडवली कामांना लागते, कारण पगार, पेन्शन आणि व्याज कापता येत नाही. खानापूर-आटपाडीच्या शेतकऱ्याला ही साखळी चार वाक्यांत समजते, आकड्यांच्या तक्त्यात समजत नाही.

कर्जमाफीबाबत एक सावधगिरी. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी शासन निर्णयाने झाली. 'आमदारांनी कर्जमाफीला मत दिलं' असं लिहिलं तर चूक ठरेल. त्यांनी मत दिलं ते तिच्या पैशाच्या मागणीला. आक्षेप तिथे घ्या : नियमित फेडणाऱ्याला २०१७ मध्ये जास्तीत जास्त पंचवीस हजारांचा लाभ आणि थकवणाऱ्याला दीड लाखाचा, ही तफावत मंजूर होताना सोसायटी वेळेवर भरणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने कोण उभं राहिलं?

आमदारांच्या स्वतःच्या पगाराचं मतही तपासा. ऑगस्ट २०१६ मध्ये, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं, आणि माजी आमदारांचं निवृत्तिवेतन चाळीस हजारांवरून पन्नास हजार झालं. सगळे पक्ष त्यात होते. तेव्हा जे आमदार होते त्यांच्या लेखात ही ओळ असलीच पाहिजे.

जमिनीच्या बाबतीत काळाची तुलना उपयोगी पडते. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, आज तो कलम ३००-अ पुरता उरलाय. म्हणून भूसंपादन कायद्यातली प्रत्येक सूट महत्त्वाची. २९ ऑगस्ट २०१३ ला लोकसभेने नवा भूसंपादन कायदा २१६ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला, त्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि खासगी भागीदारीतल्या सरकारी प्रकल्पाला ७० टक्के जमीनधारकांची संमती घातली. तेव्हा भाजपने पाठिंबा दिला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये भाजपच्याच सरकारने त्यात सूट देणारा वटहुकूम काढला. मार्च २०१५ मध्ये लोकसभेने तसं विधेयकही मंजूर केलं. राज्यसभेत ते अडलं. दोन्ही वेळी सभागृहात असलेल्या सदस्याला विचारा : दीड वर्षात काय बदललं? शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत सांगली जिल्ह्यातली बागायत आल्यावर शेताच्या बांधावर जाऊन शेतकऱ्यांना पाठिंबा देणाऱ्यांची ही जुनी मतं आधी बाहेर काढा.

स्वतःच्या आवडीच्या कायद्यालाही हाच न्याय लावा. बाजार खुला करणारे कृषी कायदे अनेक उजव्यांना पटले होते. पण २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत मतविभाजनाची मागणी असताना, सदस्य जागेवर नाहीत असं कारण देऊन, विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे चर्चेविनाच रद्द झाले. मत मोजून घेतलं असतं तर कायद्याला निदान नैतिक पाया राहिला असता. सहकाराचंही तसंच : ९७वी घटनादुरुस्ती २०११ मध्ये संसदेने मंजूर केली, पण सहकार हा राज्याचा विषय असून निम्म्या राज्यांची संमती घेतली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ ला राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या खासदाराने राज्याच्या अधिकारावर 'होय' म्हणताना हे पाहायला नको होतं?

लेखातलं प्रत्येक वाक्य असं बांधा : तारीख, मागणी किंवा कलम, सदस्याने काय केलं किंवा केलं नाही, आणि तुमचा आक्षेप. उदाहरणार्थ, 'जुलै २०२४ च्या पुरवणी मागण्यांवर अमुक यांची कपात सूचना छापील कामकाजात नाही, भाषणात महसुली तुटीचा उल्लेख नाही.' हे लिहायच्या आधी त्या दिवसांचं कामकाज शेवटपर्यंत वाचा, कारण एक सापडलेली कपात सूचना तुमचा सगळा लेख पाडेल. कलम ३६१-अ प्रमाणे सभागृहाच्या कामकाजाचं सारतः खरं वृत्त छापायला संरक्षण आहे, पण कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापू नका, विशेषाधिकार भंगाची नोटीस येऊ शकते. हेतूवर, म्हणजे पैसे घेतले वगैरे, पुराव्याशिवाय एक अक्षर नको. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे.

नगरसेवकांकडे वळलात तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत 'ऐनवेळचे विषय' आणि मूळ ठरावाला चिकटवलेल्या उपसूचना आधी पाहा, नको ते खर्च तिथूनच आत येतात. माहिती अधिकारात अर्ज १० रुपयांचा, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. नुसतं 'इतिवृत्त द्या' लिहू नका. सभेची तारीख, ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकांची नावं, पोल (मतमोजणी) मागितला असेल तर बाजूनिहाय नावं आणि हजेरीपत्रक, हे सगळं नावानिशी मागा. प्रतीचे पानामागे २ रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दुसरं अपील नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. ठराव बेकायदा वाटला तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करण्याची मागणी नगरविकास विभागाकडे पाठवता येते, आणि त्या अर्जाला इतिवृत्ताची हीच प्रत जोडावी लागते.