सोसायटीच्या ऑफिसात विंडोज ११ : जुनं रूप परत आणू नका, हात बसू द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातला पीसी विंडोज १० वरून ११ वर नेला आणि तेव्हापासून मॅनेजर काकांचे फोन थांबत नाहीत. "अमुक कुठे गेलं, तमुक दिसत नाही." काका साठी उलटलेले, हिशेबाला पक्के, पण आता "मला जुनंच द्या" म्हणून अडून बसलेत. तुमची नोकरी ऐरोलीला, सेक्रेटरीपद वरचं. तुम्ही तीन पर्याय विचारलेत: परत १० वर जावं, जुन्यासारखं दिसणारं सॉफ्टवेअर टाकावं, की काकांना क्लासला घालावं.

मी नौपाडा आणि वागळे इस्टेट भागातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हीच तक्रार जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकली आहे. तिन्ही पर्याय बाजूला ठेवा असं मी सांगेन.

मागे जाण्याचं आधी निकालात काढू. अपग्रेड केल्यापासून साधारण दहा दिवस सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’चं बटण असतं. ती मुदत टळली की सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेटची वाढीव सोय आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. ज्या मशीनवरून सोसायटीचं नेटबँकिंग चालतं, ते मशीन काकांच्या हट्टापायी मागे नेऊ नये. बदल एकदा पचवलाय तर त्यांना तो दोनदा पचवायला लावू नका.

आता काकांचं. त्यांना समजत नाही असं नाही, त्यांचा हात जुन्या जागी बसलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, मध्य रेल्वेच्या बाजूला ८ ते १४ झाले. ठाण्याहून रोज जाणारी माणसं त्या दिवशी चुकली का? पाटीवर आकडा काहीही असो, पाय नेहमीच्या जिन्याकडे वळले. गोंधळली ती पाटी वाचणारी. विंडोज ११ मध्ये उलटं झालंय: पाट्या बऱ्याचशा त्याच आहेत, जिने हलवलेत. स्टार्ट बटण १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात होतं, ते मध्यभागी आलं. फोल्डरच्या डोक्यावरची लांबरुंद रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, गेली, तिथे चार चित्रं आली. राइट क्लिकचा मेन्यू आखडला. काकांचा हात नेमका या तीन ठिकाणी रोज जातो.

म्हणून पहिलं काम: एखाद्या शनिवारी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसा आणि माउसला हात लावू नका. फक्त बघा. मेंटेनन्सची एक्सेल, पावत्या, टँकरचा हिशेब, स्कॅन करून मेल करणं, नोटीस छापणं, बँकेची साइट. सोसायटीच्या ऑफिसात याच्यापलीकडे फार काही नसतं. एवढ्याच गोष्टींच्या जागा पक्क्या करायच्या. बाकीचं विंडोज ११ त्यांना आलं नाही तरी काही अडत नाही. क्लासमध्ये नेमकं हेच होत नाही, तिथे विजेट्सपासून सुरुवात करतात.

टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी, आधी घ्या. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, त्यात खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’. अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. जुनं दिसावं म्हणून नाही. मध्यभागी ठेवलं की प्रत्येक नवीन प्रोग्रॅम उघडल्यावर सगळी बटणं थोडी थोडी सरकतात, म्हणजे स्टार्टची जागा दिवसभर हलत राहते. डावीकडे ती कायम असते, न बघता माउस कोपऱ्यात ढकलला तरी सापडते. त्याच पानावर ‘कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ आहे, ते ‘नेव्हर’ करा. सुरुवातीच्या विंडोज ११ मध्ये ही सोय नव्हती, २३एच२ आवृत्तीबरोबर ती परत आली. काका एका वेळी तीन एक्सेल उघडून बसत असतील तर एवढ्या एका बदलानं निम्मे फोन थांबतील, कारण प्रत्येक फाइलचं नाव खाली लिहिलेलं दिसेल. पर्याय दिसलाच नाही तर विंडोज आणि आर एकदम दाबून ‘विनव्हर’ (winver) हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि आवृत्ती बघा. बहुधा अपडेट तुंबलेले असतील.

मग त्यांचे चार-पाच प्रोग्रॅम टास्कबारवर ठराविक क्रमाने पिन करा, म्हणजे कायमचे लावून ठेवा. विंडोज ७ पासून विंडोजच्या बटणाबरोबर १ दाबला की टास्कबारवरचं पहिलं उघडतं, २ दाबला की दुसरं. एक्सेल पहिलं, ब्राउझर दुसरा, असं एकदा ठरलं की स्क्रीन कशीही नटू दे. एक्सेलच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की अलीकडच्या फाइलींची यादी येते, चालू वर्षाची मेंटेनन्स शीट तिथेच पिन करून ठेवा. स्टार्ट मेन्यूवर फार भिस्त ठेवू नका. २०२५ च्या शेवटी त्याची मांडणी पुन्हा बदलायला घेतली, पिन केलेलं आणि सगळ्या प्रोग्रॅमांची यादी एकाच लांब पानावर आणली. पुढेही बदलत राहील.

स्टार्टमध्ये खाली ‘रेकमेंडेड’ म्हणून अलीकडच्या फाइली दिसतात. थकबाकीदारांची यादी उघडली असेल तर समोर उभ्या सभासदाला तिचं नाव वाचता येतं. ती बंद करता येते, पण त्याच बटणावर टास्कबारवरची वर सांगितलेली यादीही बंद होते. मी ती चालू ठेवतो आणि टेबल फिरवायला सांगतो.

राइट क्लिकवर मात्र थोडा वेळ घालवा, कारण खरा वैताग तिथेच आहे. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंच्या शेजारी बसून मी हे अगदी जवळून बघितलंय. चलनाच्या फाइलवर राइट क्लिक, बाण सवयीने खाली गेला, जिथे वर्षानुवर्षं ‘कॉपी’ आणि त्याच्याही खाली ‘रिनेम’ असायचं. तिथे आता भलतंच. बाण दोनदा वरखाली झाला, मेन्यू बंद, पुन्हा राइट क्लिक, पुन्हा तेच. आणि ज्या गोष्टी त्यांना हव्या होत्या, कट, कॉपी, रिनेम, डिलीट, त्या बाणाच्या अगदी टोकाशी चित्रांच्या ओळीत होत्या. डोळा तिकडे गेलाच नाही, कारण हात खाली चालला होता.

असं का केलं त्याला कारण आहे. जुन्या मेन्यूत प्रत्येक प्रोग्रॅम आपापली ओळ घुसवायचा, अँटिव्हायरस, झिप, पीडीएफ, सगळेच, आणि रोजची कामं बाणापासून लांब तळाशी ढकलली जायची. म्हणून रोजची कामं चित्रं करून बाणाजवळ आणली. फाइल स्क्रीनच्या तळाशी असेल आणि मेन्यू वरच्या बाजूला उघडला, तर ही ओळही खाली येते, बाणाजवळच. कल्पना चांगली, पण नुसती चित्रं ठेवली हा शहाणपणा नव्हता. कात्री कळते, रिनेमचं चित्र कोणाला कळणार? २४एच२ पासून चित्रांखाली नावं आली, म्हणून काकांच्या पीसीवर तेवढी आवृत्ती आहे ना हे जरूर बघा.

काकांना हे सांगताना "वरच्या ओळीत बघा" असं सांगू नका, ती कधी खाली असते. "बाण हलवू नका, बाणाच्या शेजारी बघा" एवढंच सांगा. पूर्ण जुना मेन्यू हवाच असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक, किंवा तळाचं ‘शो मोअर ऑप्शन्स’. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, बदल करून जुना मेन्यू कायमचा आणण्याची युक्ती नेटवर सापडेल, सोसायटीच्या पीसीवर ती नको. त्यापेक्षा एफ२ शिकवा. फाइल निवडायची, एफ२ दाबायचं, नाव बदलायचं. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही त्यांना येतच असेल. कीबोर्डच्या या गोष्टी विंडोज ९५ च्या काळापासून जागच्या हललेल्या नाहीत, आणि काकांच्या पिढीला कीबोर्डचं वावडं नसतं. टायपिंगच्या परीक्षा दिलेली माणसं आहेत ती.

"डेस्कटॉपवरच्या फाइली गायब झाल्या" असाही फोन आला असेल, किंवा येईल. सेटअप करताना मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, हलवण्याची सोय बरेचदा चालू होते. फाइलीच्या चिन्हावर छोटा ढग दिसला तर ती फाइल या पीसीवर उतरलेलीच नाही, ब्रॉडबँड बंद असताना उघडणार नाही. रोजच्या फाइलींवर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा. मोफत जागा ५ जीबी आहे, स्कॅन केलेले करारनामे आणि सीसीटीव्हीच्या क्लिपा डेस्कटॉपवर ठेवायची सवय असेल तर ती लवकरच भरेल. नको असेल तर घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, तिथून सेटिंग्ज, ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’, आणि बंद. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथून उचलून परत आणायच्या. काकांना एकच ताकीद द्या: वेबसाइटवर दिसतेय ती जादा प्रत समजून डिलीट करायची नाही. तिथे पुसलं की इथेही पुसलं जातं.

प्रिंटरचं एका ओळीत: ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, तिथे विंडोजने डिफॉल्ट प्रिंटर ठरवण्याचं बटण बंद करून तुमचा प्रिंटर स्वतः डिफॉल्ट करा, नाहीतर शेवटचा वापरलेला पीडीएफवाला डिफॉल्ट होऊन बसतो आणि काका कागदाची वाट बघत राहतात.

जुन्यासारखा स्टार्ट मेन्यू देणारी सॉफ्टवेअरं चांगली आहेत. ओपन-शेल तर फुकट आहे, आणि स्वतःच्या घरच्या पीसीवर हौसेने टाकायला माझी काही हरकत नाही. पण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर असली साधनं कधीकधी मोडतात. सोसायटीची कमिटी पाच वर्षांनी बदलते. ज्याने ते टाकलं तो माणूस पुण्याला गेलेला असतो आणि नव्या सेक्रेटरीला कळत नाही की हे विंडोज असं का दिसतंय. त्यात काकांचा हात पुन्हा जुन्या जागीच अडकतो, म्हणजे शिकणं नुसतं पुढे ढकललं जातं. विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटणच काढलं, लोकांनी ओरड केली, वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं. तशा परतीची वाट ११ च्या बाबतीत बघू नका, ते २०२१ पासून आहे आणि स्टार्ट काही जुन्या रूपात आलेलं नाही.

राहिली मराठी नोटीस. त्याच पीसीवर अपग्रेड केलं असेल तर जुने फाँट बहुधा शाबूत असतील. पीसी नवा असेल तर मात्र जुन्या लिपी-सॉफ्टवेअरमधल्या नोटिसा उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल, कारण त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या पीसींना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. जुने फाँट पुन्हा टाकले की त्या वाचता येतील. नव्या नोटिसांसाठी ‘टाइम अँड लँग्वेज’मधून मराठी जोडा आणि तिच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन मराठी फोनेटिक कीबोर्ड घ्या. इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं. विंडोज आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदलायची. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा गेल्या वर्षीची नोटीस या आठवड्यातच एकदा उघडून, छापून बघा. काही फाटलं तर फाँटचं नाव इथे लिहा, कोणाकडे ना कोणाकडे ती सीडी अजून असेल.