सॉलिसिटर, वकील आणि अस्सल अशील

प्रश्न आला आहे : "भाची इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होते आहे. सॉलिसिटरचं काम बहुतेक कोर्टाबाहेरचं, मग तिला वकील म्हणणं चूक ना? आणि तिच्याकडे येणारा तो अशील की पक्षकार?"

अजिबात चूक नाही. 'कोर्टात उभा राहतो तोच वकील' हे ऐकून कान किटले आहेत. अरबी 'वकील' म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकीलच होते. काम धन्याच्या वतीने बोलणी करायचं. सॉलिसिटर खरेदीखतं तपासतो, मृत्युपत्रं करतो, कंपन्यांचे करार लिहितो, एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात नोकरीही करतो. शिवाय १९९० च्या कायद्यापासून इंग्लंडमध्ये वेगळी पात्रता मिळवली की वरिष्ठ न्यायालयांतही त्याला बाजू मांडता येते. तेव्हा भाचीला ती वाटही मोकळी आहे.

खरी गंमत 'अशील' शब्दात आहे. हा 'अ + शील', म्हणजे शील नसलेला, म्हणून अपमानकारक, असं सांगणारे जाणकार भेटतात. साफ चूक. तो संस्कृत शब्द वेगळा. आपला अशील अरबी 'असील'वरून आला. 'अस्ल' म्हणजे मूळ. अस्सल, असली ही त्याचीच भावंडं. अरबी कायद्याच्या भाषेत असील आणि वकील ही जोडीच आहे : मूळ माणूस आणि त्याच्या वतीने काम करणारा. 'स'चा 'श' कसा झाला, असं कोणी विचारेल. सिक्का मराठीत शिक्का झाला, सिपाही शिपाई झाला, तसाच असील अशील झाला. पुढे ई-इ आली की मराठी जीभ 'स'ला 'श'कडे ओढते. हिंदीत मात्र मुवक्किल म्हणतात, तो वकीलच्याच धातूतला, 'काम सोपवणारा'.

शुद्ध मराठीच्या नावाखाली अशील काढून सरसकट 'पक्षकार' बसवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पक्षकाराला वाद लागतो, समोर दुसरा पक्ष लागतो. एखाद्या आजी मृत्युपत्र करायला येतात, चष्मा पुसून मसुदा दोनदा वाचतात, 'मोत्यांच्या कुड्या धाकट्या सुनेला' ही ओळ राहिली म्हणून परत लिहायला लावतात आणि दोन साक्षीदारांसमोर सही करतात. त्यांचं कोणाशीच भांडण नाही. मग त्या कोणत्या पक्षाच्या? घर, दागिने, इच्छा सगळं त्यांचं. सॉलिसिटरने फक्त ते कायद्याच्या भाषेत मांडलं. त्या अशीलच.