टग हिलवरचा पहिला हिवाळा

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हॉस्पिटलबद्दल चार ओळी आणि बाकी सगळं त्या ट्रॅक्टरवाल्याबद्दल, यावरून तुझा जीव कशात अडकलाय ते कळलं. रात्रपाळी करून सकाळी घरी आलीस तर ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची वाट, बर्फ काढून लख्ख साफ. कोणी केला ते दोन दिवसांनी कळलं, रस्त्यापलीकडच्या गोठेवाल्यानं. आणि आता तू पाकिटात नोटा घालून त्याच्या दारात जाणार म्हणतेस. ते पाकीट पर्समध्येच राहू दे.

आधी हे समजून घे की तो माणूस तुझ्यासाठी उठला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या या टग हिल पठारावर, आपल्या लुईस काउंटीत, माणसांपेक्षा गाई जास्त, हे तू ऐकलं असशीलच. दुधाचा टँकर रोज नाहीतर एका दिवसाआड गोठ्यापर्यंत यावाच लागतो. टाकीत जागा उरली नाही की दूध ओतून द्यावं लागतं, कारण गाई बर्फ बघून दूध द्यायच्या थांबत नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरात बफलोच्या बाजूला रस्ते बंद पडले तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांवर खरंच ती पाळी आली होती. म्हणून हा पहाटे चारला ट्रॅक्टर काढतो, आपलं आवार आणि टँकरची वाट मोकळी करतो, आणि इंजिन तापलेलंच असतं, तेव्हा जाता जाता तुझ्याकडे दोन फेऱ्या मारतो. त्याला दहा मिनिटं लागतात. तुला खोऱ्यानं अर्धा दिवस लागला असता. हा फरक त्यालाही माहीत आहे, म्हणून तो उपकार केल्याचा आव आणत नाही आणि दारही वाजवत नाही. तू पैसे पुढे केलेस तर त्या दहा मिनिटांची मजुरी ठरवलीस, आणि पुढच्या वेळी त्याला वाटणार की हिच्याकडे गेलो तर पैशासाठी आलो असं दिसेल. असे लोक मग यायचे हळूच बंद होतात, भांडण वगैरे काही न करता.

मात्र पैसे घेऊन बर्फ काढणारेही इथं आहेत. ट्रकच्या दारावर नाव-फोन असतो, टपावर पिवळा दिवा असतो, आणि ते हंगामाचे किंवा फेरीचे पैसे ठरवून घेतात. त्यांचं पोट त्यावर आहे, तिथं चोख पैसे द्यायचे, वेळेवर द्यायचे. तुझ्यासारख्या अवेळी ड्यूटी असणाऱ्या बाईनं असा एक माणूस हंगामाच्या बोलीवर लावून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याच्या चांगुलपणावर पहाटेची इमर्जन्सी अवलंबून ठेवायची नाही. माणूस लावलास की गोठेवाल्याला तसं सांग. त्याला वाईट वाटणार नाही, उलट डोक्यावरचं एक काम कमी होईल. तरी मोठ्या वादळात तो येईलच.

मग त्याला द्यायचं काय? लगेच काही नाही. पहिल्यांदा रस्त्यात दिसला की गाडीतून हात कर. इथले लोक स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतात, तेवढं पुरे. मग एखाद्या रविवारी काहीतरी खायचं घेऊन जा. माझा अनुभव असा की पुरणपोळीपेक्षा नारळाच्या वड्या या लोकांना पटकन आवडतात, आणि तिखट चिवडा नेलास तर गोठ्यावरचे पोरगे डबा रिकामा करून परत देतील. डबा परत येतो तेव्हा त्यात बहुतेक मेपल सिरपची बाटली नाहीतर अंडी असतात. झालं, खातं उघडलं. ते आता कधीच पूर्ण मिटू द्यायचं नाही.

माझ्या माहेरी संगमेश्वराकडे भातलावणीला सावड असायची. आज सगळे आमच्या खाचरात, उद्या आम्ही सगळे त्यांच्या. तिथं दिवसाला दिवस मोजला जायचा, आणि एखाद्या घरानं माणूस कमी पाठवला तर विहिरीवर चार बायकांत त्याची चर्चा व्हायची. इथं तसं तोंडावर कोणी मोजत नाही. पण कोणाच्या लक्षात राहत नाही, या भ्रमात राहू नकोस. कोण कोणाच्या मदतीला कधी गेलं नाही, हे टाउनच्या रस्तेखात्याच्या माणसापासून पोस्टवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. नवीन माणसाला पहिला हिवाळा माफ असतो. दुसऱ्यात बघतात.

तू डॉक्टर आहेस, तेव्हा तुझ्याकडून काय मागितलं जाईल हेही सांगते. कुंपणाशी उभं राहून कोणीतरी गुडघा दाखवेल, औषधाची चिठ्ठी मागेल. चिठ्ठी अजिबात द्यायची नाही, क्लिनिकची वेळ घेऊन द्यायची. पण साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस खोरं घेऊन धापा टाकताना दिसला तर गाडी थांबवून त्याच्या हातातून ते काढून घ्यायचा तुला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेतल्या १९९० ते २००६ च्या नोंदींचा अभ्यास झालाय: बर्फ उपसताना इजा होऊन दरवर्षी सरासरी साडेअकरा हजार माणसं इमर्जन्सीत आली, आणि वर्षाला शंभराच्या आसपास मेली, ती हृदयानं. थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात, हातांनी जोर लावायचा, श्वास रोखून उचलायचं. पुढचं तू मला शिकवायचंस, मी आयुष्य लॅबमध्ये काढलं. एवढंच ध्यानात असू दे की आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो. उद्या आईबाबा इकडे आले आणि बाबांना हौस आली, की 'जरा व्यायाम होईल' म्हणून हातात खोरं घेतील. घेऊ देऊ नकोस.

आता तुझा वाटा. शेजारी ट्रॅक्टर आणतो म्हणून आपण खिडकीतून बघत बसायचं नसतं. ट्रॅक्टरला जमत नाहीत ती कामं तुझी.

पहिलं, घराच्या भिंतीतून बाहेर आलेली फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, पांढरी नळी. जमिनीपासून फार उंच नसते, आणि वारा नेमका त्या कोपऱ्यात बर्फ आणून टाकतो. ती बुजली तर फर्नेस बंद पडते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. दर वादळात, चालू असतानाच, बूट घालून जायचं आणि तिच्याभोवती हातभर जागा मोकळी करायची. ट्रॅक्टर तिथं आणूच द्यायचा नाही, त्याच्या फावड्यानं नळी मोडते. प्रोपेन गॅसच्या टाकीचंही तसंच. झाकण आणि नळ दिसला पाहिजे, आणि टँकरवाला होज ओढत जाईल एवढी पायवाट हवी. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू करण्याआधी धुराची नळी मोकळी केलीस का ते बघ. हे तू रोज रुग्णांना सांगत असशील, तरी सांगते.

दुसरं, मेलबॉक्स. पोस्टवाली गाडीतून न उतरता हात घालू शकली पाहिजे.

तिसरं, ड्राइव्हवेचं तोंड. तू सगळं साफ करून आत येतेस आणि टाउनचा प्लाउ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक, येऊन तिथं कमरेएवढा बांध घालून जातो. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला रस्ता ढकलायचाच आहे आणि त्याच्या पात्याला तुझं दार माहीत नाही. त्या बांधातला बर्फ वेगळा असतो, दाबलेला, मीठ-खडी मिसळलेला, आणि तासाभरात त्याचा दगड होतो. म्हणून तो लगेच फोडायचा. पण एक युक्ती आहे. घराकडून रस्त्याकडे तोंड करून उभी राहा. इथं गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे तुझ्या बाजूचा प्लाउ तुझ्या डावीकडून येतो. तेव्हा ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेनं, आठ-दहा फुटांची जागा आधीच मोकळी करून ठेव. प्लाउ आपलं ओझं तिथं टाकतो आणि दारात थोडंच उरतं. तू काढलेला बर्फ मात्र नेहमी उजवीकडे टाक. डावीकडे टाकलास तर तोच प्लाउ तो उचलून तुझ्या तोंडाशी आणून देणार. (भारतात बर्फ पडत असता तर हे सगळं उलटं सांगावं लागलं असतं.) आणि रस्ता ओलांडून पलीकडे ढकलायचा नाही. बऱ्याच राज्यांत तो गुन्हा आहे, शिवाय पलीकडे तुझा गोठेवाला राहतो.

खोरं भरून उचलू नकोस, ढकल. हिशेब करून बघ: शंभर फूट लांब, दहा फूट रुंद ड्राइव्हवेवर एक फूट भुरभुरीत बर्फ म्हणजे अडीच-तीन टन. ओला असेल तर त्याच्या तिप्पट. वादळ संपायची वाट न बघता चार-सहा इंच झाले की एक हात फिरवायचा. सुरुवातीच्या वादळांत बर्फ लागेल त्यापेक्षा लांब सारायचा, कारण कडेचे ढीग फेब्रुवारीपर्यंत आत सरकत येतात. डिसेंबरात आळस केलेल्यांच्या ड्राइव्हवेवर फेब्रुवारीत एक गाडीही धड जात नाही. मीठ फार ओतू नकोस. पारा उणे नऊ-दहा सेल्सिअसच्या खाली गेला की साधं मीठ काम करत नाही. वाळू टाक, नाहीतर शेगडीतली गार झालेली राख.

स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून टाकणारं यंत्र, घेणार असशील तर एकच गोष्ट घोकून ठेव: तोंडात बर्फ अडकला तर हात घालायचा नाही. इंजिन बंद कर, थांब, मग काठीनं काढ. इंजिन बंद असलं तरी आतल्या पात्यात ताण उरलेला असतो आणि बर्फ सुटला की ते फिरतं. त्या बोटांना टाके घालायला तुझ्याच हॉस्पिटलात आणतात. तुझा ड्राइव्हवे खडीचा आहे, तेव्हा खालच्या पट्ट्या अशा बसव की यंत्राचं तोंड जमिनीपासून इंचभर वर राहील, नाहीतर खडी उडून खिडकी जाईल.

आता ती डावीकडची म्हातारी, जिच्याबद्दल तू 'फारशी बोलत नाही' असं लिहिलंस. ती बोलणार नाही. तिला विचारलंस तर 'माझं ठीक चाललंय' म्हणेल. म्हणून विचारायचं नाही, बघायचं. सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघतोय का, मागच्या दारापासून लाकडांच्या ढिगापर्यंत पावलं उमटली आहेत का. पायऱ्यांवरचा बर्फ तू कामावर जाताना काढून टाक, पाच मिनिटांचं काम. पुढचं दार सोड, इथं कोणी पुढच्या दारानं जात-येत नाही. मागच्या पायऱ्या आणि लाकडांची वाट, एवढंच. धूर दिसला नाही तर मात्र भीड न ठेवता दार ठोठाव. गोठेवाल्याच्या मदतीची परतफेड त्याच्याच घरी झाली पाहिजे असं कुठंय? तो गेली कित्येक वर्षं तिचा ड्राइव्हवे काढत असणार, तू पायऱ्या काढल्यास की त्याला कळेल.

तुझ्या ड्यूटीचं वेळापत्रक त्याच्या बायकोला देऊन ठेव, फ्रिजवर लावायला. तू रात्री नसतेस हे ठाऊक असलं की अंधारं घर बघून कोणी घाबरणार नाही, आणि तू असायला हवीस तेव्हा दिवा दिसला नाही तर कोणीतरी येऊन बघेल.

हवामानाच्या अंदाजावर फार भिस्त ठेवू नकोस. ऑन्टारियो तलाव खोल, सहसा गोठत नाही, त्यामुळे थंड वारा त्याच्यावरून येताना हिवाळाभर पाणी उचलतो आणि या पठारावर चढताना सोडतो. पट्टा इतका अरुंद की तुझ्या हॉस्पिटलात ऊन आणि घराशी हाताला हात दिसत नाही, असं होणार. याच पठारावरच्या रेडफील्डला २००७ च्या फेब्रुवारीत दहा दिवसांत १४१ इंच पडला. माँटेग्यूत १९९७ च्या जानेवारीत एका दिवसात ७७ इंच मोजला, पण नियमापेक्षा जास्त वेळा मोजला म्हणून विक्रम अधिकृत धरला नाही. इथले म्हातारे अजून त्यावर हुज्जत घालतात. कोणी विषय काढला तर तू विक्रमाच्या बाजूनं बोल.

व्हिसाच्या अटीपायी तुला तीन वर्षं इथं काढायची आहेत. पुढच्या वर्षी घर बदलायचं म्हणालीस, तर रस्त्याच्या तोंडाशी हंगामी वापराची पाटी आहे का ते आधी बघ. न्यूयॉर्कात तशा रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल टाउन प्लाउ फिरवत नाही. भाडं कमी का आहे ते मग डिसेंबरात कळतं.

ड्राइव्हवेची कड बर्फात दिसावी म्हणून लावायच्या नारिंगी काठ्या जमीन गोठायच्या आत रोवायला हव्या होत्या, आता हातोडीनंही जाणार नाहीत. बादलीत वाळू भरून त्यात उभ्या कर, यंदा भागेल. छतावरचा बर्फ ओढायचा लांब दांडा आमच्या शेडमध्ये पडून आहे, तुझ्या काकांना मी आता तो हातात घेऊ देत नाही. रविवारी येऊन घेऊन जा. तुझ्या गाडीत मावणार नाही, तेव्हा गोठेवाल्याला विचार त्याचा पिकअप मिळेल का. नाहीतरी त्याच्याकडे काहीतरी मागायला जायचं निमित्त तुला हवंच आहे.

तुझी,
मावशी