हिरवं कुठंय?

प्रिय पोरी,

काल जिन्यात तू मला डबा उघडून दाखवलास. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि सासूबाईंनी दिलेला शिरा. शिऱ्याला हात लावलेला नव्हता, कारण ऑफिसात कुणीतरी ‘गाल वर आलेत’ म्हणालं. सहावा महिना, वजन वाढलंय जेमतेम तीन किलो, आणि तू रात्रीचं जेवण सोडलंस! घरात ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’, बाहेर ‘बारीक राहा’. कुणाचं ऐकू म्हणताना तुझे डोळे भरले. मी मात्र डब्याकडेच बघत होते. हिरवं कुठंय त्यात?

आकडे आधी सांगून टाकते. दोघांचं खायचं नसतं. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक पोळी, वाटीभर उसळ आणि छोटा पेला दूध. तुझ्यासारख्या बेताच्या अंगाच्या बाईचं वजन नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढलं तर बिघडत नाही. जिचं आधीच जास्त आहे, तिला ७ ते ११.५ पुरे. तुझा नेमका आकडा डॉक्टरांकडून घे. पण रात्रीचं जेवण आजपासून सुरू. त्यावर वाद नको.

आता माझ्या हट्टाबद्दल. १९९३ साली आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, किडकिडीत बायका. बाळाची वाढ आईच्या पोटात एकूण किती कॅलरी गेल्या याच्याशी जुळलीच नाही. सातव्या महिन्यात पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्यांची बाळं मात्र जास्त भरलेली होती. म्हणून विचारते, हिरवं कुठंय?

१९८७ साली माझं पोट दिसतच नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता. चहा-खारीवर दिवस ढकलायची. लोहाची गोळीही चहाबरोबरच. चहात लोह अंगी लागत नाही हे ठाऊक नव्हतं. हिमोग्लोबिन आठ. मुलगी झाली १९०० ग्रॅमची, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. मला कुणी सांगितलंच नाही, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. खरं सांगू? आई रोज माठ नाहीतर चाकवत करून वाढायची. मीच ताटाच्या कडेला सारायची.

म्हणून डोहाळजेवणाला गेले तरी ओटी भरताना मी विचारते, आज पालेभाजी कुठली खाल्लीस? लोक आगाऊ म्हणतात. म्हणू देत. त्या पेटीबाहेर मी बसले होते, ते नव्हते बसले.

तर मंडईतून राजगिरा, मेथी, शेपू, मिळेल ते आण. तीन पाण्यांनी धू, डाळ घालून शिजव, वरून लिंबू पिळ. लोहाची गोळी चहा-कॉफीपासून आणि दुधापासून दोन तास लांब घे. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. मांस-मासे खात नाहीस, तेव्हा बी-१२ तपासायचं का हे डॉक्टरांना विचार. साखरेची तपासणी पुढे ढकलू नकोस. ती ठीक आली तर शिरा खा गं चमचाभर, त्यांनी मायेने केलाय.

उद्याच्या डब्यासाठी मी चाकवत पाठवतेय. सासूबाईंना राग आला तर माझं नाव सांग.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू