इटलीतल्या खेड्यात महिनाभर मिशनसेवेला जायचंय, तिथे नेमकं काय काम असतं?

तुम्ही विचारलंय की तुम्ही प्रोटेस्टंट आहात, चर्चच्या गटाबरोबर दक्षिण इटलीतल्या खेड्यात महिनाभर जायचंय, तर तिथे काय करावं लागतं आणि तयारी काय करावी. मी वसईची कॅथलिक. ऑक्टोबरचा अख्खा महिना दक्षिण इटलीतल्या कलाब्रिया प्रांतात, लोक्री शहराच्या मागच्या डोंगरातल्या एका गावात राहिले. त्यावरून सांगते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. त्या लोकांना येशू कोण हे सांगायला आपण जात नाही. आपल्या वसईत पोर्तुगीज आले सोळाव्या शतकात. त्याच्या कितीतरी शतकं आधी त्या डोंगरातल्या गुहांमध्ये ग्रीक साधू प्रार्थना करत होते. आमच्या गटाने मुलांसाठी बायबलच्या गोष्टी, चित्रं, गाणी असं बरंच काही नेलं होतं आणि गावात मुलंच मोजकी. तरुण मंडळी तोरिनो, मिलान, जर्मनीला पोटापाण्यासाठी गेलेली. मागे राहिलेले बहुतेक सत्तरीपुढचे. फादर एकटे तीन गावं सांभाळतात, त्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी, तीही रोज नसते.

मग काम म्हणजे माणसांकडे जाणं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला घरोघर जातात, त्यांच्यासोबत मी गेले. दारात 'पेर्मेस्सो' म्हणायचं, म्हणजे 'येऊ का?', आणि हो आल्यावरच पाय आत टाकायचा. एका आजींनी टेबलावर इस्त्रीचा पांढरा रुमाल अंथरून त्यावर क्रूस आणि मेणबत्ती मांडली होती. त्यांना उभं राहवत नव्हतं, तरी इस्त्री त्यांनीच केलेली. कम्युनियन झाल्यावर त्यांनी माझा हात जो धरला, तो फादर पुढच्या घरी निघाले तरी सोडला नाही. मी तिथेच बसले. नंतर रोज जात राहिले.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी देवळात आठ-दहा बाया जमायच्या. त्यांची बोली मला कळत नव्हती, पण कुठल्या मण्यावर आहेत ते बरोबर कळायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी एकीने खूण केली, हे दशक, म्हणजे माळेतला दहा मण्यांचा भाग, तू म्हण, तुझ्या भाषेत. 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग मी मराठीत म्हणायचे, उरलेला त्या सगळ्या इटालियनमध्ये पुरा करायच्या. दहाच्या दहा मणी तसे झाले. लहानपणी आमच्या आळीतल्या क्रुसापाशी म्हटलेली जपमाळ इतक्या लांब कोणी पुरी करेल असं कधी वाटलं नव्हतं. माझा आवाज दाटून आला होता.

सकाळी ऑलिव्हच्या बागेत जात जा. झाडाखाली जाळ्या पसरतात, फळं त्यावर पडतात, मग पानं-काटक्या वेचून बाजूला काढायच्या. म्हाताऱ्या माणसांना या कामात खरोखर हात हवा असतो, आणि बोलणंही तिथेच सुरू होतं. भिंतींवर काळ्या चौकटीचे कागद दिसतील, ती कुणी वारल्याची सूचना असते. ते वाचून अंत्यविधीला जरूर जा. ओळख नसली तरी चालतं.

तुम्ही प्रोटेस्टंट आहात म्हणून हेही सांगते. १५६१ साली याच कलाब्रियात, गुआर्दिया पिएमोन्तेसे इथे, वाल्डेन्सी या प्रोटेस्टंटांना जाऊन मिळालेल्या पंथाच्या लोकांची कॅथलिकांकडून कत्तल झाली. तिथल्या एका वेशीला आजही 'रक्ताचा दरवाजा' म्हणतात. कॅथलिक म्हणून मला त्याची लाज वाटते. पण म्हणूनच तुम्ही घरोघर पत्रकं वाटत फिरू नका. आधी तिथल्या फादरांना भेटा, मिस्साला येऊन मागे बसा, लोक आपणहून विचारतील.

व्हिसा अर्जात येण्याचं कारण खरं तेच लिहा, तिथल्या चर्चचं निमंत्रणपत्र जोडा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. रस्ते सगळे चढाचे आणि दगडी, तेव्हा बूट चांगले घ्या. आणि निघण्याआधी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' तेवढं इटालियनमध्ये पाठ करा. मी ते देवनागरीत उतरवून घेतलेली वही अजून माझ्याकडे आहे, हवं असेल तर पानांचे फोटो पाठवते.