गॅलापागोसच्या बोटीवरचा एक दिवस: पोहणं बेताचं असेल तर झेपेल का?

प्रश्न असा आहे: कोथरूडचं जोडपं, वयं ५९ आणि ६२. ऑगस्टअखेरीस गॅलापागोसची, म्हणजे प्रशांत महासागरातल्या एक्वाडोरच्या बेटांची, आठ दिवसांची, १६ प्रवाशांची बोट ठरली आहे. दोघांचंही पोहणं म्हणजे तलावाची एक लांबी, तीही धापा टाकत. मिस्टरांना उणे ४.७५ चा चष्मा आणि भरघोस मिशी. बोटवाले म्हणतात रोज एकदा-दोनदा स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखाली बघणं. दिवस नेमका कसा जातो आणि हे आपल्याला जमेल का?

जमेल. फक्त तुम्ही काळजी करताय ती पोहण्याची, आणि तिथे माणूस पाण्याबाहेर येतो तो दोनच कारणांनी: गारठा आणि गळका मास्क. दोन्हींचा बंदोबस्त पुण्यात बसून होतो.

आधी गारठ्याचं. बेटं विषुववृत्तावर आहेत म्हणून पाणी कोमट असेल, हा समज पहिल्यांदा सोडा. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह गार पाणी आणतो. पश्चिमेकडून खोलातून येणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला आणि फर्नांडिना बेटांच्या पायथ्याला धडकून वर चढतो. जून ते नोव्हेंबर हा तिथला गार हंगाम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पश्चिमेकडच्या जागांवर पाणी १८ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट अंगावर घ्या, अंदाज येईल. पण याच गार पाण्यातून खनिजं वर येतात, त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर मासे आणि माशांवर बाकी सगळे. म्हणून पश्चिमेकडे पाणी जरा हिरवट, धूसर दिसलं तर हिरमुसू नका. लक्षद्वीपसारखं काचेचं पाणी हवं असेल तर ते इथे नाही, पण पेंग्विनही लक्षद्वीपला नाहीत.

बोटीला आत्ताच ई-मेल करा: उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत आणि पायाचं माप कळवा, आणि पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा ५ मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे गारठ्यापासून वाचवणारा रबरी पोशाख, मागा. तो नसेल तर ३ मिलिमीटरचा, पण पूर्णच, गुडघ्यापर्यंतचा नको. सूट कोरडा असताना अंगाला घट्ट वाटला पाहिजे. पाठीच्या खळग्यात किंवा काखेत पोकळी राहिली तर तिथे गार पाणी आत-बाहेर करत राहतं आणि सूट घालून काही उपयोग होत नाही. चढवताना पायावर प्लॅस्टिकची पिशवी घाला, पाय सर्रकन जातो. या सूटचा दुसरा फायदा तुमच्यासाठी जास्त मोलाचा: रबरात हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात, त्यामुळे तो तुम्हाला तरंगवतो. त्यावर बोटीवरचं फुगवायचं जॅकेट मागून घेतलंत की तुमचं काम पोहायचं नाहीच, पालथं पडून राहायचं आणि हळूहळू पाय हलवायचे.

आता मास्क. चष्म्यावर मास्क बसत नाही, कारण काड्यांच्या फटीतून पाणी येतं. नंबरची काच लावलेला मास्क मिळतो, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या काचा, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. मिस्टरांना उणे ४.५ घ्या, ५ नको. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि पाऊण अंतरावर दिसतात, त्यामुळे किंचित कमी नंबर सहज चालून जातो. माप बघायची पद्धत: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. पडला तर कितीही महाग असो, परत करा.

नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत काचेवर वाफ धरतेच. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, बोटावर घेऊन काच आतून दोन मिनिटं घासा, धुवा, असं तीन-चारदा करा. मग रोज पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब आतून पसरवून एकदाच विसळायचा. पट्टा करकचून आवळू नका. गळणारा मास्क बहुतेक वेळा जास्त आवळल्यानेच गळतो, कारण सिलिकॉनची कड दुमडते. उरलेली कारणं म्हणजे कडेखाली अडकलेले केस, कपाळाला फासलेलं सनस्क्रीन, आणि मिशी. मिशी काढायची गरज नाही. नाकाच्या लगेच खाली जिथे कड टेकते, तिथली बोटाच्या पेराएवढी पट्टी बारीक कापा, बाकीचा रुबाब तसाच राहू द्या. आणि पाण्यात हसू नका. हसलं की गालाला घडी पडते आणि पाणी आत. सी लायनचं पिल्लू समोर आलं की हे पाळणं अवघड जातं, म्हणून आत आलेलं पाणी काढायला शिका.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी सुचवणार नाही. त्यात नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत आणि घाबरल्यावर झटकन काढताही येत नाही.

सराव चार आठवडे, आठवड्यातून तीनदा. डेक्कन जिमखान्याचा टिळक टँक असो की सोसायटीचा तलाव, आधी विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या बॅचला फिन, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, चालत नाहीत. पहिला आठवडा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड खाली घालून नळीतून श्वास घ्या, पाच मिनिटं सलग. श्वास लांब आणि संथ हवा. भराभर श्वास घेतला तर नळीतली शिळी हवाच आत-बाहेर होते आणि दम लागल्याचा भास होतो. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम मास्कमध्ये पाणी भरा, वरची कड कपाळाला दाबा, मान जरा वर करा आणि नाकाने फुंका. नळीत पाणी गेलं तर जोरात एकच ‘तू’ म्हणून ते वर उडवा. तिसऱ्या आठवड्यात फिन: पाय मांडीपासून हलवायचे, गुडघ्यातून सायकल मारायची नाही. चौथ्यात २० मिनिटं तळाला पाय न लावता तरंगा. हे झालं की तुम्ही तयार. मालवण-तारकर्लीला एक फेरी मारून खरी लाट अंगावर घेता आली असती, पण ऑगस्टात तिथलं पाणी पावसाळ्यामुळे बंद असतं. जमवायचं तर मेअखेरीच्या आत.

आता दिवस. प्रत्येक बोटीचा मार्ग राष्ट्रीय उद्यान ठरवून देतं, त्यामुळे उदाहरणादाखल पश्चिमेकडचा नेहमीचा दिवस घेतो: सकाळी फर्नांडिनावरची पुंता एस्पिनोसा, दुपारी इसाबेलावरची पुंता व्हिसेंते रोका.

सहा-साडेसहाला उठवतात, सातला नाश्ता. आठच्या सुमारास पांग्यात, म्हणजे रबरी कडांच्या छोट्या होडीत, बसायचं. चढता-उतरताना खलाशाचा पंजा धरायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. ओला पंजा निसटतो. दोन्ही हात मोकळे, सामान पाठीवर. ‘ड्राय लँडिंग’ म्हणजे खडकावर पाय टाकायचा, बूट घालून. ‘वेट लँडिंग’ म्हणजे कडेवर बसून पाय समुद्राकडे वळवायचे आणि खलाशी सांगेल त्या लाटेनंतर गुडघाभर पाण्यात उतरायचं. मधल्या लाटेत घाई केली की कॅमेऱ्यासकट आंघोळ होते.

फर्नांडिना हे आपल्या सह्याद्रीसारखं लाव्ह्याचंच, पण अगदी ताजं; तिथला ला कुम्ब्रे ज्वालामुखी मार्च २०२४ मध्ये उसळला होता. काळ्या खडकावर सागरी इग्वाना, म्हणजे समुद्रात चरणारे मोठे सरडे, शेकड्यांनी एकमेकांवर पाय टाकून पडलेले असतात, आणि तेही काळेच. म्हणून चालताना आधी पायाखाली बघा, मग समोर. शेपटीवर पाय पडणं इथे सगळ्यात सोपं आहे. मध्येच ‘फिस्’ असा आवाज येतो: नाकाजवळच्या ग्रंथींत साठलेलं मीठ ते शिंकरून टाकतात. ते त्यांच्याच डोक्यावर पडून वाळतं, म्हणून डोकी चुना लावल्यासारखी पांढरी दिसतात. लेन्स पुसायचं फडकं वरच्या खिशात ठेवा, कारण तो फवारा तुमच्याकडेही येऊ शकतो.

टोकाजवळ न उडणारा पाणकावळा. पाषाण तलावावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा तुम्ही पाहिला असेल. याचीही सवय तीच, फक्त पसरायला पंखच उरलेले नाहीत: उडायला लागतील त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचे, पिसं झडल्यासारखे खुंट. जगात हा फक्त याच दोन बेटांवर आहे. शिकारी सस्तन प्राणी नव्हते आणि अन्न पाण्याखाली होतं. पंख पोसायची गरज उरली नाही.

नियम थोडे पण कडक आहेत. कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर, फ्लॅश नाही, आखलेल्या वाटेबाहेर पाऊल नाही, एका गाईडमागे १६ पेक्षा जास्त माणसं नाहीत. प्राणी स्वतः जवळ आला तर हलायचं नाही. सी लायनचा थोराड नर किनाऱ्यावर भुंकत गस्त घालत असेल तर त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊ नका. हा एकच प्राणी इथे खरोखर अंगावर येतो.

दहाला परत, काहीतरी हलकं खाऊन साडेदहा-अकराला पाण्यात. ही वेळ चांगली, कारण ऊन खाऊन गरम झालेले मोठे इग्वाना साधारण याच सुमारास शेवाळ चरायला बुडी मारतात. उतरताना उडी नको. पांग्याच्या कडेवरून सरकत उतरा, कडेचा दोर धरून मिनिटभर थांबा, चेहऱ्यावर पाणी घ्या. गार पाण्याने पहिल्या मिनिटात श्वास आपोआप वाढतो. तो खाली बसू द्यायचा, मगच तोंड पाण्यात. बीपीची किंवा हृदयाची औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना नेमकं हेच सांगून विचारा. मग पालथं पडा आणि शक्य तितकं कमी हला. हात मारत पाठलाग करणाऱ्याला काहीच दिसत नाही. खाली इग्वाना नखांनी खडक धरून, लाटेबरोबर हेलकावत, तोंडाच्या कडेने शेवाळ ओरबाडत असतो; त्याच्या वर तरंगत राहिलात की पुरे. खडकावर उभं राहू नका, काटेरी सी अर्चिन असतात. पाण्याखाली अंतर फसवं असतं: कासव दीड मीटरवर वाटलं तर ते खरं दोन मीटरवर आहे, म्हणजे आणखी पुढे जायचं नाही.

साडेबाराला जेवण, मग झोपा. खरंच झोपा, गारठ्याने ताकद जाते.

दुपारी बोट बोलिव्हार खाडीतून जाते, तेव्हा मात्र केबिनमध्ये राहू नका. देवमासे आणि डॉल्फिन दिसण्याची ही जागा. व्हिसेंते रोकाला जमिनीवर उतरायची परवानगीच नाही, पांग्यातून कड्याखालून फिरायचं आणि पाण्यात उतरायचं. इथली कासवं इतकी असतात की एकाकडे बघताना दुसरं खालून सरकतं. पेंग्विन जेमतेम दीड फुटांचा, पाण्यात रेघ ओढल्यासारखा जातो. मान वळवेपर्यंत गेलेला असतो, म्हणून समोरच बघत राहा. कपारीत पांढऱ्या टोकाचा शार्क पडलेला दिसला तर दिवसा तो झोपेतच असतो, त्याला वाट मोकळी ठेवली की झालं. हे सकाळपेक्षा गार पाणी. ओठ निळे पडले, बोटं नीट मिटेनाशी झाली की लगेच हात वर करून पांगा बोलवा. २० मिनिटांत बाहेर आलात तरी काही गमावलं नाही. पांग्यातून फिरतानाही पेंग्विन खडकावर दिसतात. वर चढताना आधी फिन काढून खलाशाकडे द्यायचे, मग शिडी. कोरडी टोपी आणि विंडचीटर पांग्यातच ठेवा, कारण खरी थंडी वाऱ्यावर वाजते.

सहाच्या आत सगळे बोटीवर. सातला गाईड उद्याचं सांगतो, मग जेवण, आणि रात्री बोट पुढच्या बेटाकडे निघते. ऑगस्ट-सप्टेंबर हेच सर्वात जास्त हेलकावे देणारे महिने. केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध मागा. ॲव्होमिनसारखी गोळी बोट हलायच्या तास-दोन तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून पुण्यातच एकदा घेऊन बघा आणि स्नॉर्केलिंगच्या आधी टाळा.

सामानाची तपासणी एक्वाडोरच्या मुख्य भूमीवरच्या विमानतळावर होते. ताजी फळं आणि बिया बेटांवर नेता येत नाहीत, तेव्हा मेथीदाणे, मोहरी, मोडाची कडधान्यं घरीच. बुटांच्या खाचांतली माती ब्रशने काढून जा. शाकाहारी असाल तर आधी लेखी कळवा आणि ‘अंडं चालतं का, मासा चालतो का’ हे स्पष्ट लिहा, नाहीतर ट्यूना ताटात येतो. उद्यानाची फी ऑगस्ट २०२४ पासून विदेशी प्रौढाला २०० डॉलर आहे, ती रोखीत तयार ठेवा. बोटीच्या पैशांत ती सहसा धरलेली नसते.

शेवटचं, कारण हे बोटवाले सांगत नाहीत. एक्वाडोर भारताच्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि पिवळं कार्ड, म्हणजे लशीचं प्रमाणपत्र, लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. साठीनंतर या लशीचा धोका थोडा वाढतो, म्हणून मिस्टरांच्या बाबतीत डॉक्टरांशी आधी बोला. कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा. ते नसेल तर परतीच्या वाटेवर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.